नकाराचा कागद आला म्हणजे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी सतरंज्या घालते, पानसुपारीचे तबक फिरवते आणि मागच्या रांगेत बसून भाषणे ऐकते. आज मला पुढे बोलावले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. कायद्याचे बोलणे माझ्या तोंडी शोभणार नाही, असे मी चिटणीसबाईंना सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "कायदा सांगू नका, तुमच्या घरी घडले ते सांगा. कायदा त्यातच येईल." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

गोष्ट आमच्या थोरल्या भाऊजींची. त्यांचे लग्न झाले नाही. आमच्याच वाड्यात मागच्या खोलीत ते राहतात, शिधापत्रिका वेगळी आहे, जेवण मात्र आमच्यात. पूर्व भागात यंत्रमागावर त्यांची सव्वीस वर्षे गेली. चादरीचा माग त्यांच्या हाती असला की तुटलेल्या तारेची गाठ केव्हा मारली ते शेजारच्या मागावरच्या माणसालाही कळत नसे. २०२० साली सायकलवरून पडून त्यांचा उजवा हात मोडला. मनगट आणि कोपर दोन्ही. हाडे जुळली, पण वाकडी जुळली. मूठ पुरती मिटत नाही, कोपर पुरते उघडत नाही. मागाचे काम सुटले. आता एका पिठाच्या गिरणीत डबे मांडून घेणे, वजन लिहून ठेवणे असे काम डाव्या हाताने करतात. महिन्याकाठी तीन हजार मिळतात.

आपल्याकडे संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० साली ती सुरू झाली. निराधार, विधवा, परित्यक्ता, मोठे आजार झालेले आणि अपंग अशा माणसांना महिन्याला काही रक्कम मिळते. अपंग हा जुना शब्द, आता सरकारी कागदावर दिव्यांग लिहितात. दिव्यांगाला या योजनेत यायचे तर दाखल्यावर निदान ४० टक्के असावे लागतात, आणि वर्षाचे उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते. बाकीच्यांसाठी ही मर्यादा २१,००० आहे. भाऊजी उत्पन्नात बसत होते. म्हणून २०२१ च्या अखेरीस आम्ही आधी दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज केला. तपासणी झाली. दाखला आला, त्यावर ३४ टक्के लिहिले होते. त्या दाखल्यावर अनुदानाचा अर्ज केला, तो नामंजूर होऊन परत आला.

आता भगिनींनो, त्या दिवशी आमच्या घरी काय झाले ते सांगते, कारण तुमच्या घरीही असेच होत असेल.

मी म्हटले, अपील करू या. आमचे यजमान म्हणाले, "सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय? रिक्षाला पैसे जातील, माझा खाडा पडेल तो वेगळाच." भाऊजी तर जेवणाच्या ताटावरून उठले. म्हणाले, "वहिनी, मी सव्वीस वर्षं कष्टाचं खाल्लं. ह्या वयात दारोदार हात दाखवत फिरू काय? नको मला ती भीक." त्यावर मी काय बोलणार? थोरला दीर, वडिलांच्या जागी. मी तो कागद देवघराच्या फळीवर आरतीच्या पुस्तकाखाली ठेवून दिला. आषाढी गेली, दिवाळी गेली. कागद तिथेच होता.

अकरा महिने गेल्यावर मंडळाच्या भिशीच्या दिवशी सहज विषय निघाला. आपल्यांतल्या एक बाई, ज्यांनी पुष्कळ वर्षे दवाखान्यात परिचारिकेचे काम केले, त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "कागदावर कारण काय लिहिलंय?" मी गप्प. कारण आम्ही तिघांनीही तो कागद पुरता वाचलाच नव्हता. 'नामंजूर' एवढा शब्द वाचला आणि आमच्यात भांडण सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. दोन्ही कागद पाहिले. अनुदानाच्या कागदावर कारण सरळ होते, दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी. म्हणजे त्या कचेरीशी आमचे भांडणच नव्हते. त्यांच्यापुढे ३४ चा दाखला होता, त्यांनी नियमाने तो परत केला. प्रश्न होता तो दाखल्याचा. आणि दाखल्यात मनगटाचा उल्लेख होता, कोपराचा नव्हता.

बाईंनी भाऊजींना विचारले, "तपासताना तुम्हांला काय काय विचारलं?" भाऊजी आधी सांगेनात. मग म्हणाले, "सदऱ्याचं बटण लावता येतं का विचारलं. येतं म्हटलं. जेवता येतं का विचारलं. येतं म्हटलं. कोपर दुखतंय का? नाही म्हटलं. साहेबासमोर काय रडगाणं गायचं?"

मैत्रिणींनो, त्यांच्या सदऱ्याची बटणे रोज सकाळी शाळेत जाण्याआधी आमचा धाकटा मुलगा लावतो. जेवतात ते डाव्या हाताने, आणि पंगतीत डाव्या हाताने जेवावे लागते म्हणून दोन वर्षांत ते एकाही लग्नाला गेलेले नाहीत. हे मला ठाऊक, मुलाला ठाऊक. तपासणाऱ्या डॉक्टरांना कसे ठाऊक असणार? त्यांनी विचारले, यांनी 'येतं' सांगितले, त्यांनी लिहिले. हाताच्या तपासणीत सांधा किती वळतो ते मोजतात, स्नायूंची ताकद पाहतात, आणि रोजची कामे, म्हणजे जेवणे, सदरा घालणे, बटण लावणे, नाडी बांधणे, केस विंचरणे, लिहिणे, ही करता येतात की नाही तेही धरतात. भाऊजींनी अब्रू राखण्यासाठी प्रत्येक ठिकाणी 'येतं' म्हटले, आणि त्या 'येतं'मुळे टक्के घटले.

मग अपील करावे की नाही, याचा विचार आम्ही पहिल्यांदा शांतपणे केला. बाईंनी आम्हांला ज्या क्रमाने विचार करायला लावला, त्याच क्रमाने तुम्हांला सांगते.

पहिले, नकार कोणत्या दाराशी झाला? दाखला वेगळा, अनुदान वेगळे. दोन्हींची दारे वेगळी. आपल्या आळीतल्या एका भगिनीच्या मुलाचा अर्ज परत आला, तेव्हा ती डॉक्टरांना बोल लावत बसली. कागद वाचला तर आधार कार्डावर नाव एक आणि दाखल्यावर दुसरे. तिथे अपिलाचे कामच नव्हते. नाव दुरुस्त करून पुन्हा अर्ज केला, काम झाले. उत्पन्नाचा दाखला जुना झाला, रहिवासाचा पुरावा जोडला नाही, अशी कारणे असली तर कागद पुरा करून नव्याने द्यावा. अपिलाच्या नादी लागून महिने घालवू नयेत.

दुसरे, लिहिलेले कारण खरे आहे का? हा प्रश्न फार कठीण, कारण उत्तर आपल्या मनाविरुद्ध येऊ शकते. माणूस गरीब आहे, म्हणून त्याचे टक्के वाढत नाहीत. तो घरातला कर्ता आहे म्हणूनही वाढत नाहीत. दाखला शरीराचा असतो, अडचणीचा नसतो. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण आपल्या मागवाल्या घरांत यात फार घोटाळा होतो. कामावर अपघात झाला आणि मालकाकडून भरपाई मागायची असली, तर कमाईची शक्ती किती गेली ते पाहतात. श्रीनिवास सबाता नावाच्या सुताराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कामावर पडून त्याचा डावा हात कोपरापासून गेला. १९७५ साली न्यायालयाने धरले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती पूर्ण शंभर टक्के गेली. तो निकाल १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखालचा. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, तेव्हा अपघात कामावरचा असेल तर मुदत किती ते वकिलाला ताबडतोब विचारावे. पण अनुदानाचा दाखला असा धंदा पाहून देत नाहीत. विणकराची बोटे गेली काय आणि कारकुनाची गेली काय, मोजमाप एकच. भाऊजींना मागावर गाठ मारता येत नाही, हे आमचे दुःख खरे. पण अपिलात ते कारण चालणार नव्हते. कोपर तपासले गेले नाही, हे कारण चालणार होते.

तिसरे, आपण नवे काय दाखवणार? पहिल्याच कागदांवर पुन्हा तेच मागितले, तर पुन्हा तेच उत्तर येण्याचा संभव जास्त. आमच्याकडे कोपराचा जुना एक्सरे होता, तो पलंगाखालच्या पेटीत पडलेला. तो पहिल्या वेळी नेलाच नव्हता. शिवाय बाईंनी आम्हांला आठ दिवस एका वहीत लिहून ठेवायला लावले, की उजव्या हाताने काय होते, काय होत नाही आणि काय दुसऱ्याच्या मदतीने होते. माझ्या मुलाने ती वही लिहिली. भाऊजींनी ती वाचली तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं सगळं तुम्ही बघत होता होय?"

चौथे, खर्च किती आणि जोखीम काय? आमच्या हिशेबात चार-पाच हेलपाटे, रिक्षा, झेरॉक्स आणि यजमानांचे खाडे मिळून हजार-बाराशे रुपये होत होते. मिळणार होते त्या वेळच्या दराने महिना १,००० रुपये. म्हणजे जिंकलो तर दीड महिन्यात खर्च निघणार. पण फेरतपासणीत टक्के वाढतीलच असे नाही. तेवढेच राहतील, कदाचित कमीही होतील. ज्याच्याजवळ आधीच ४० च्या वरचा दाखला आहे आणि थोडे आणखी मिळावे म्हणून जो अपील करू पाहतो, त्याने या गोष्टीचा दहादा विचार करावा. आमच्यापाशी ३४ होते. गमावण्यासारखे काही नव्हते.

एवढे ठरल्यावर एकच गोष्ट उरली, ती भाऊजींच्या मनाची. माणसाची इच्छा नसताना त्याला तपासणीच्या टेबलावर नेणे मला बरे वाटेना. त्यांना मी एवढेच म्हटले, "भाऊजी, तुम्ही सव्वीस वर्षं चादरी विणल्या. मालकानं मजुरी दिली, ती भीक होती काय? हे राज्यानं कायद्यानं ठरवलेलं आहे. घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण कागद न वाचता सोडू नका." दोन दिवसांनी सकाळी त्यांनी स्वतः एक्सरे काढून माझ्यासमोर ठेवला.

कायद्याचे म्हणाल तर, दिव्यांगांच्या हक्कांचा सध्याचा कायदा २०१६ चा आहे आणि तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते, आता एकवीस प्रकार धरतात. म्हणून ज्यांना जुन्या काळी 'बसत नाही' म्हणून परत पाठवले, त्यांनी पुन्हा चौकशी करावी. या कायद्याच्या ५९ व्या कलमात लिहिले आहे की दाखला देणाऱ्यांचा निर्णय मान्य नसेल, तर राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. दाखला नाकारला तर त्याचे कारण लेखी कळवावे, असाही नियम आहे. तोंडी 'होत नाही' ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. अपिलाची मुदत किती आणि ते कोणाकडे द्यायचे, हे त्याच खिडकीत विचारून, तिथेच कागदावर टिपून घ्या. आपल्याच तपासणीचे कागद मिळत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांत अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि दिव्यांगांना, उत्पन्न कितीही असले तरी, वकिलाची मदत फुकट मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांची कचेरी पुण्यास आहे, तिकडेही लेखी तक्रार पाठवता येते.

आणि दलालापासून दूर राहा. "पाच हजार द्या, टक्के वाढवून आणतो" असे सांगणारा मनुष्य आमच्याही दारी येऊन गेला. यजमानांना मोह झाला होता, खोटे कशाला बोलू? पण दिव्यांगांसाठीच्या सवलती लबाडीने घेणाऱ्याला त्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. पैसे दलालाचे होतात आणि दाखल्यावर नाव आपले असते. म्हणून भाऊजींना आम्ही जाताना बजावले, वाढवून काही सांगायचे नाही आणि लपवायचेही नाही. जे वहीत लिहिले तेच बोलायचे.

फेरतपासणीला मी बरोबर गेले. डॉक्टरांनी बटणाचे विचारले. भाऊजी क्षणभर माझ्याकडे पाहू लागले. मी खिडकीकडे तोंड केले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पुतण्या लावतो." त्या दोन शब्दांना त्यांना किती बळ लागले असेल ते मीच जाणते.

दाखला आला तो ४६ टक्क्यांचा. पुन्हा अनुदानाचा अर्ज केला, २०२३ साली रक्कम सुरू झाली. त्याच वर्षी ती १,००० ची १,५०० झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ती २,५०० करण्याचे ठरवले. पहिला हप्ता आला त्या दिवशी भाऊजींनी माझ्या मुलाला कंपासपेटी आणली. मात्र तो कागद अकरा महिने फळीवर पडला, त्या महिन्यांचे पैसे काही मिळाले नाहीत. अकरा हजार रुपये आम्ही आरतीच्या पुस्तकाखाली ठेवून घालवले.

सर्वांचेच असे होते असे मात्र समजू नका. आमचे पाहून मागच्या गल्लीतल्या एका मावशींनी पायासाठी अपील केले. मीच त्यांच्याबरोबर तीनदा गेले. फेरतपासणी नीट झाली, डॉक्टरांनी वेळ दिला, पण टक्के होते तेवढेच राहिले. मावशींचा पाय दुखतो हे खरे, आणि तो दाखल्याच्या मापात बसत नाही हेही खरे. त्यांना विचारले, वाईट वाटते का? त्या म्हणाल्या, "वाटतं तर. पण आता रात्री पडल्या पडल्या मनात येत नाही, की केलं असतं तर मिळालं असतं." मी मात्र अजून विचार करते, की त्यांच्याजवळ नवे दाखवण्यासारखे काहीच नव्हते, हे मी त्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवे होते. भिडेपोटी बोलले नाही, आणि त्यांचे तीन दिवस व रिक्षाचे पैसे गेले. तेव्हा अपील करा हा माझा सरसकट सल्ला नाही. आधी कागद वाचा, मग ठरवा, आणि ठरवायला अकरा महिने लावू नका, एवढेच सांगणे आहे.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. आपल्याकडे दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी भजन असते. भजनाआधी अर्धा तास ठेवावा. ज्यांच्या घरी असा कागद आला असेल त्यांनी तो घेऊन यावे, आणि ज्यांना वाचता येते त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवावा. कुणाच्या घरची गोष्ट बाहेर जाणार नाही, एवढी शपथ आपण घेऊ. पहिल्या बुधवारी सतरंज्या मी घालीन, आणि ती वहीही घेऊन येईन. भाऊजींनीच ती द्यायला सांगितली आहे.